हळद प्यायलेला खडा

निवृत्त झाल्यावर माणसं काय काय करतात ते मी आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत पाहिलेलं होतं. एकाने बोन्साय सुरू केलं आणि सगळी झाडं मारली. एकीने शास्त्रीय गाणं शिकायला घेतलं, तेव्हापासून तिच्या खालचे लोक दुपारी मुलीकडे झोपायला जातात. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. दुसऱ्यांनी ठरवलेल्या धरणांच्या रेषा आयुष्यभर ओढल्या आणि नोकरी संपल्यावर दगड घासायला घेतले. म्हणजे कुणाला हसायचा मला तसा अधिकार नाही. तरी मी हसते.

दगड म्हणजे ओपल. एका प्रदर्शनात, लोणच्यांच्या आणि पैठणी पर्सच्या स्टॉलमध्ये अंग चोरून एक दगडवाला बसला होता. त्याच्यापुढे मळकट पांढरी ढेकळं होती. एका ढेकळाचा कोपरा त्याने घासून उघडा केला होता आणि त्या नखाएवढ्या जागेत पोपटी, निळा आणि निखाऱ्यासारखा लाल एकाच वेळी हलत होता. मी दगड फिरवला की रंग जागा बदलायचे. तशी शाई मी कुठल्याच बाटलीत पाहिली नव्हती. आमचे हे कोपरापाशी उभे राहून "चल, पार्किंगवाला शिट्टी मारतोय" म्हणत होते. मी ऐकलं नाही.

पुढे कळलं की असे कच्चे दगड इथिओपियातून जयपूरला येतात आणि जयपूरचे व्यापारी ते फोनवर, व्हिडिओ लावून विकतात. हा एक पाहण्यासारखा प्रकार आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये असतो तसल्या दिव्याखाली एक जाडजूड बोट दगड गोल गोल फिरवतं आणि मागून आवाज येतो, "मॅडम, फायर देखो, फायर!" त्या दिव्याखाली बटाटासुद्धा चमकला असता. मी भुलले. कुरिअरने पुडी आली ती उघडल्यावर आत खडीसाखरेच्या डब्याच्या तळाशी उरतो तसला चुरा निघाला. ह्यांनी चष्मा कपाळावर सारून एक खडा उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले, "ह्यापेक्षा माझा मुतखडा बरा होता. तो निदान फुकट मिळाला."

दुसऱ्या पुडीत जरा बरे दगड होते. त्यातला सगळ्यात चांगला मी कौतुकाने खिडकीत ठेवला, उन्हात रंग खुलतील म्हणून. उन्हाने तो तडकला. काचेला जाळी पडते तशी अंगभर जाळी. मग मी छंदवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात शिरले. तिथे रोज सकाळी गुलाबाच्या फुलांबरोबर सुप्रभात येत असे आणि एक गृहस्थ सगळ्यांच्या चुका काढत असत. त्यांनी स्वतः घासलेला एकही दगड कुणी पाहिलेला नव्हता. माझ्या तडकलेल्या खड्याच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, "हे अपेक्षितच होतं." मी ग्रुप सोडला आणि हाताला काय कळतं ते बघायचं ठरवलं.

मागच्या गॅलरीत, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, मी सोनारांकडे असतं तसलं फिरतं चाक बसवून घेतलं. लाकडी काडीच्या टोकाला लाख वितळवायची, तिच्यावर दगड चिकटवायचा, चाकावर पाण्याची धार सोडायची आणि काडी बोटांत फिरवत वरची माती, भुरकट साल, मग आतला बिनरंगाचा थर घासत जायचं. तोंडाला मास्क, अंगात ह्यांचा जुना रेनकोट. रंगाचा पट्टा कुठे आहे आणि किती जाड आहे ते आधी कळत नाही. जरा जास्त घासलं की रंग संपतो आणि हातात पांढरा ठिपका राहतो. माझे बरेच ठिपके झाले.

त्यात ह्या इथिओपियन दगडाला एक खोड आहे. तो पाणी पितो. घासताना भिजला की काचेसारखा आरपार होतो आणि रंग पार नाहीसा होतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी हातातला दगड गेला म्हणून चाक बंद करून स्वयंपाकघरात जाऊन बसले. दगड तसाच कागदावर पडून राहिला. काही दिवसांनी केर काढताना पाहते तर तो पुन्हा दुधी झालेला आणि पोटात लाल-हिरवं हलतंय. तेव्हा मी एकटीच होते आणि मोठ्याने हसले.

इथवर ठीक होतं. पण सोसायटीत बातमी पसरली की दुसऱ्या मजल्यावर शुक्राचे खडे मिळतात. ओपल म्हणजे शुक्राचा खडा, हे मला माझ्या दारात उभ्या राहिलेल्या बायकांनी शिकवलं. कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, कुणाच्या जावयाचं दुकान चालत नव्हतं. सगळ्यांचा शुक्र बिघडलेला आणि सगळ्यांना तो घरच्या घरी, ओळखीत, दुरुस्त करून हवा होता. तळमजल्यावरच्या बाई एकदा आत येऊन माझ्या हॉलमधल्या बुद्धमूर्तीकडे बघत म्हणाल्या, "पण तुमच्यात हे चालतं का हो?"

"आमच्यात घासायचं चालतं," मी म्हणाले. "घालायचं नाही."

त्या पुन्हा आल्या नाहीत. 'तुमच्यात' ह्या शब्दाने सुरू होणारे प्रश्न मी शाळेपासून ऐकत आले आहे. त्यांना उत्तरं द्यायला आता मला मजा येते.

आमच्यात, म्हणजे आमच्या घरात, आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देव, ताईत आणि गंडेदोरे बाहेर गेले होते. वडील कारखान्यात फिटर होते. शेजारच्या काकूंनी लहानपणी माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला, तर त्यांनी रागावल्याशिवाय, नखं कापावीत तसा तो कात्रीने कापला आणि काकूंना चहा विचारला. माझी थोरली बहीण, ताई, तर त्यांच्याही पुढची. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. वस्तीतल्या कार्यक्रमांत अंधश्रद्धेवर बोलायला तिलाच बोलावायचे. लिंबातून लाल रस काढायचा प्रयोग ती इतक्या तोऱ्यात करायची की पुढे बसलेल्या बुवांच्या भक्तिणीसुद्धा टाळ्या वाजवायच्या.

म्हणून एका दुपारी ताई विश्रांतवाडीहून फोन न करता आली आणि गॅलरीत उभी राहून म्हणाली, "मला ह्यातला एक खडा दे. पांढऱ्या धातूत बसवता येईल असा," तेव्हा मला वाटलं तिला हौस आली असेल. भावोजी गेल्यापासून तिने अंगावर एकही दागिना घातला नव्हता. मला बरंच वाटलं.

"तुझ्या बोटाचं माप देऊन जा," मी म्हणाले.

"माझ्या नाही. त्याच्या."

तो म्हणजे तिचा मुलगा. हिंजवडीला कंपनीत आहे, चांगला उंच, शांत मुलगा. पस्तिशीला टेकला होता आणि लग्न ठरत नव्हतं. मुली बघून व्हायच्या, दोन्ही घरांना पसंत असायचं, मग कुठेतरी फिसकटायचं. ताईच्या बरोबर निवृत्त झालेल्या एका बाईंनी तिला नारायण पेठेत एका ज्योतिषाकडे नेलं होतं. त्याने सांगितलं, शुक्र.

मी चाक बंद केलं. "ताई, तू गेली होतीस? पत्रिका घेऊन? आपल्याकडे पत्रिका होती तरी कुठे?"

"त्यांनी करून दिली. कॉम्प्युटरवर."

"मग पुढच्या कार्यक्रमात लिंबाऐवजी हाच प्रयोग कर."

"मी खडा मागतेय," ताई म्हणाली. "भाषण मला येतं."

मी नाही म्हणाले. आणखीही बोलले. वडिलांचं नाव काढलं, तिच्या विद्यार्थ्यांचं काढलं. ताईने चहाही घेतला नाही. ती गेल्यावर हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तू नाही दिलास तर तो ज्योतिषी देईल. काचेचा." हे मात्र खरं होतं. फसवणूक व्हायचीच असेल तर निदान दगड तरी खरा असू दे, अशा विचाराने मी डबा उघडला.

चांगला दगड द्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. शुक्राला काय कळणार आहे! म्हणून मी त्यातलं सगळ्यात भिकार ढेकूळ निवडलं. त्याला वरून रंगाचा मागमूस नव्हता, एका बाजूला तपकिरी डाग होता. ते लाखेवर चिकटवलं आणि रागारागाने घासायला लागले. डाग गेला. खालचा भुरकट थर गेला. आणि मग एका कडेने लाल रंग दिसायला लागला. आधी रेघ, मग पट्टा. मी हात हलका केला. पट्टा आत जाड होत गेला आणि दगडाची वरची बाजू घुमटासारखी गोल होईपर्यंत माझ्या हातात असा खडा आला होता, जो मी इतके दिवस घासून एकदाही काढला नव्हता. वाळल्यावर तर तो आणखी खुलला. तिरका केला की लाल, सरळ केला की हिरवा, मधे जांभळी झाक.

आता मला तो द्यावासा वाटेना. ह्यांनी माझं तोंड पाहिलं. "दुसरा घास ना," म्हणाले. पण तोच देण्यात माझा मोठेपणा दिसेल, असं काहीतरी मला तेव्हा वाटलं असावं. मी ताईला फोन केला. "झालाय. पण एक ऐक. हा पाणी पितो. पाण्यात, तेलात, कशातच घालायचा नाही. कळलं?"

"कळलं," ताई म्हणाली. "तू पण चल त्यांच्याकडे. तुला पटणार नाही, पण चल."

ज्योतिषाचं ऑफिस एका छापखान्याच्या वर होतं. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर सत्काराचे फोटो. गृहस्थ माझ्या अपेक्षेपेक्षा तरुण निघाले. इस्त्रीचा कुडता, दोन फोन. त्यांनी भिंग लावून खडा पाहिला आणि त्यांचा चेहरा क्षणभर खरोखर बदलला. वस्तू चांगली आहे एवढं त्यांना कळत होतं. त्याबद्दल त्यांना गुण द्यायला हवेत.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "कुठून घेतला आपण?"

"माझ्या गॅलरीतून."

त्यांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. "पण हे नुसतं रत्न झालं. ह्याच्यावर संस्कार व्हायला हवेत. गुरुवारी संध्याकाळी गाईच्या दुधात मध, हळद आणि केशर घालून त्यात ठेवायचं. शुक्रवारी सकाळी स्नान करून बाहेर काढायचं आणि मग धारण करायचं."

"अहो, तो दूध पिईल," मी म्हणाले.

"कोण?"

"खडा. ह्या जातीच्या दगडाला बारीक छिद्रं असतात. हळद आत गेली तर पुन्हा बाहेर यायची नाही."

ते माझ्याकडे पाहून समजूतदार हसले. आमच्या खात्यातले नवे साहेब माझा नकाशा उलटा धरून असेच हसायचे. "मॅडम, आपण दगड म्हणून बघताय. आम्ही रत्न म्हणून बघतो."

"बघा की. फक्त कोरडा ठेवून बघा."

ताईने टेबलाखालून माझा हात दाबला. जिन्यावरून उतरताना मी तिला म्हटलं, "तू दुधात घालणार नाहीस." ती म्हणाली, "नाही गं." ती माझ्याशी शाळेतल्या मुलांशी बोलायची तसं बोलली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी, मी मंडईत पावट्याच्या शेंगा निवडत असताना फोन वाजला. ताईला धड बोलता येत नव्हतं. "अगं, तो गेला. पिवळा झाला. आत काहीच नाही. मी घासला, धुतला, तरी पिवळाच. काहीतरी वाईट आहे, बघ. त्याच्या बाबतीत काहीतरी वाईट होणार आहे."

ताईला मी अशा आवाजात बोलताना एकदाच ऐकलं होतं, भावोजींना दवाखान्यात हलवलं त्या दिवशी. मी शेंगा टाकून रिक्षा केली.

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली होती. वाटीत खडा होता. लिमलेटच्या गोळीसारखा, आरपार, पिवळाधमक. त्यात लाल नाही, हिरवा नाही, काही नाही. माझ्या हातून निघालेली एकमेव चांगली गोष्ट सत्यनारायणाच्या तीर्थासारखी दिसत होती. मला इतका राग आला की मी आधी पाणी प्यायले.

"त्यांना फोन केलास?"

"केला. ते म्हणाले, घाबरू नका. खड्याने दोष ओढून घेतलाय. म्हणून पिवळा पडला. हे चांगलंच झालं. पण आता हा निकामी झाला, दुसरा घ्यावा लागेल. त्यांच्याकडे सिद्ध केलेले असतात."

त्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटलं. पांढरा राहिला असता तर शुद्ध ठरला असता. पिवळा पडला तर काम केलं. फुटला असता तर संकट स्वतःवर घेतलं असतं. असला धंदा शोधूनही सापडायचा नाही. मी ताईला हे सगळं बोलून दाखवलं, आवाज चढवून. हळद लागली की कापड पिवळं होतं, बोट पिवळं होतं, दगडाने काय पाप केलं, असं म्हणाले. शिक्षिका होतीस ना, म्हणाले. ताई मान खाली घालून ऐकत होती आणि तिने मान खाली घातली म्हणून मी आणखी बोलत होते.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. भाचा त्या दिवशी घरूनच काम करत होता. कानातले इअरफोन काढत तो म्हणाला, "मावशी, माझी मीटिंग चालू आहे. काय झालंय?" मग त्याने वाटी पाहिली. "हे काय?"

मीच सांगितलं. शुक्र, अंगठी, दूध, दोष, सगळं.

तो ओट्याशी उभा राहिला. त्याला मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "माझ्यासाठी? आणि मला विचारलं नाही?"

"तू ऐकलं नसतंस," ताई म्हणाली.

"आई, माझं जमत नाही ह्यात ग्रहाबिहाचं काही नाहीये." तो थांबला. मला वाटतं, तिथे तो गप्प बसला असता तर बरं, असं त्यालाही वाटत होतं. "त्या मुली शेवटी एकच विचारतात. लग्नानंतर आई कुठे राहणार? मी सांगतो, माझ्याबरोबर. की मग त्यांच्या घरून फोन येत नाही. एवढंच आहे. त्याला अंगठी काय करणार?"

कुकरची शिट्टी झाली. ताईने उठून गॅस बारीक केला आणि तिथेच, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होतीस?"

त्याच्या लॅपटॉपवरून कुणीतरी त्याला हाका मारत होतं, इंग्रजीतून, "यू आर ऑन म्यूट." तो आत गेला. मी वाटीतला खडा रुमालाने पुसला आणि पर्समध्ये टाकला. ताईने मला जेवायला वाढलं. तिघं जेवलो. आमटीत मीठ नव्हतं, ते कुणी सांगितलं नाही.

तो खडा मी बरेच दिवस स्वच्छ पाण्यात भिजवत आणि वाळवत होते. थोडा पिवळेपणा सुटला, आतला लालही परत आला, पण जुन्या फोटोतल्यासारखा. भाच्याने एकदा तो हातात घेऊन पाहिला. "असाच छान आहे की," म्हणाला आणि घेऊन गेला. त्याच्या ऑफिसच्या टेबलावर असतो म्हणे, पेपरक्लिपच्या डबीत. पेपरक्लिपच्या डबीत!

ज्योतिषांचा ताईला एक-दोनदा फोन आला. तिने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुझं भाषण त्यांना ऐकवलं, पाठ झालं होतं." पुढचं स्थळ आलं तेव्हा मात्र तिने मुलीला स्वतःच बाजूला घेऊन सांगितलं की मला वेगळं राहायला आवडेल, तू त्याची काळजी करू नकोस. भाच्याला कळलं तेव्हा घरात मोठा आवाज झाला. मी ताईला विचारलं, "खरंच आवडेल?"

"आवडायचं काय त्यात," ती म्हणाली. "राहता येईल."

ते स्थळ जमलं नाही. मुलीला पुणंच सोडायचं होतं. त्यानंतरचंही जमलं नाही, ते का ते कुणालाच कळलं नाही. म्हणजे आई कुठे राहणार हे एकच कारण होतं, हेही भाच्याचं ज्योतिषच निघालं. मी त्याला तसं म्हटलं. तो हसला, पण फार नाही.

ताई आता रविवारी माझ्याकडे येते. घरात बसून काय करू, म्हणते आणि रेनकोट अडकवून चाकापुढे बसते. तिला धीर अजिबात नाही. मुलांच्या वह्या तपासल्यासारखी ती दगडावर तुटून पडते. मी सांगते, थांब, पाणी वाढव, उजेडात धरून बघ. ती म्हणते, मला कळतं. परवा तिने एक बरा तुकडा घेतला, त्यात निळी रेघ मी स्वतः पाहिली होती. अर्ध्या तासाने मी चहा घेऊन गॅलरीत गेले तर काडीच्या टोकाला लाख होती आणि लाखेवर तांदळाएवढं काहीतरी पांढरं.

"अजून किती घासू?" ताईने मास्क खाली ओढून विचारलं.

"आता बोट लागेल," मी म्हणाले आणि चाक बंद केलं.